रोबोच्या टेबलापर्यंत पोहोचतो कोण?

दुसऱ्याचे मूत्रपिंड पोटात घेऊन जगणाऱ्या माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. डॉक्टर रोबोच्या मदतीने ती ग्रंथी काढतात आणि शेजारीच बसवलेले मूत्रपिंडही शाबूत ठेवतात. अशा शस्त्रक्रियांच्या नोंदी २००८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. बातमी म्हणून सांगायचे तर यंत्राचे कौतुक केले की काम भागते. इतिहास म्हणून सांगायचे तर मात्र वेगळा प्रश्न विचारावा लागतो. हा माणूस या टेबलापर्यंत पोहोचला कसा?

कारण या टेबलाआधी बरीच दारे आहेत. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर त्याला डायलिसिस मिळाले पाहिजे. मग प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागले पाहिजे. मग मूत्रपिंड मिळाले पाहिजे. त्यानंतर रोज गोळ्या घेत वर्षानुवर्षे जगता आले पाहिजे. एवढे सगळे पार पडले तर वयाबरोबर येणारा प्रोस्टेटचा कॅन्सर त्याला गाठतो. म्हणजे हा रुग्ण प्रत्येक दारातून आत घेतला गेलेला माणूस आहे. त्याच दारांवरून जे परत पाठवले गेले, त्यांना हा कॅन्सर होण्याइतके आयुष्यच मिळाले नाही. ते कुठल्याही सर्जनच्या अहवालात सापडत नाहीत.

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपल्याला शोधांच्या सनावळीसारखा शिकवतात. अमुक साली अमुक डॉक्टरने अमुक शोध लावला, की झाले. तो प्रवेशाच्या अटींचा इतिहास म्हणूनही लिहायला हवा, असे माझे म्हणणे आहे. अट कोणी घातली, कोणत्या कारणाने घातली आणि ती मोडायला किती वर्षे लागली, हे विचारले की त्याच सनावळीचा अर्थ बदलतो. या एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ते तपासून पाहू.

तीन मूत्रपिंडांचा माणूस

आधी शरीराची मांडणी समजून घेऊ, म्हणजे ही शस्त्रक्रिया अवघड का आहे ते कळेल.

पुष्कळांना वाटते की प्रत्यारोपणात जुने मूत्रपिंड काढून त्या जागी नवे बसवतात. बहुतेक वेळा तसे होत नाही. जुनी दोन्ही मूत्रपिंडे पाठीच्या बाजूला तशीच राहतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला, बहुधा उजवीकडे बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी थेट मूत्राशयाला शिवतात. म्हणजे या माणसाच्या पोटात तीन मूत्रपिंडे असतात आणि काम करणारे एकच असते.

प्रोस्टेट ग्रंथी असते मूत्राशयाच्या अगदी खाली. ती काढायची तर मूत्राशय मोकळा करावा लागतो आणि ग्रंथी काढल्यावर तो खाली ओढून मूत्रमार्गाला जोडावा लागतो. नव्या मूत्रपिंडाची मूत्रवाहिनी त्याच मूत्राशयाला शिवलेली असते. तिला धक्का लागला तर कॅन्सर जाईल आणि मूत्रपिंडही जाईल. कॅन्सर पसरला आहे का हे पाहण्यासाठी ज्या लसिकाग्रंथी काढतात, त्या नेमक्या ज्या रक्तवाहिन्यांवर हे मूत्रपिंड जोडलेले असते त्यांच्याच आसपास असतात. म्हणून त्या बाजूच्या ग्रंथींना सर्जन बहुतेकदा हात लावत नाहीत. किरणोपचार द्यायचे तर किरणांच्या वाटेवर तेच मूत्रपिंड आणि तीच मूत्रवाहिनी. वर रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि स्टिरॉइड चालू असल्याने जखम हळू भरते आणि जंतुसंसर्गाची भीती जास्त.

एवढी गुंतागुंत असलेला रुग्ण सर्जनसमोर येतो, यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात डायलिसिसच्या दारापासून करू.

सात जणांची समिती

नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन नावाच्या गावी, विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ च्या सुमारास रक्त शुद्ध करणारे यंत्र बनवले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली होती. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये पहिली रुग्ण वाचली. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून हे यंत्र थोड्याच दिवसांसाठी वापरता येत होते. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस आता आठवड्यातून काही वेळा यंत्राला जोडून घेऊन जगू शकत होता.

यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण पुष्कळ. मग सिअ‍ॅटलमध्ये एक समिती बसली. तिच्यात सात जण होते: एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेल्या रुग्णांपैकी यंत्र कोणाला द्यायचे, हे त्यांनी ठरवायचे. नोव्हेंबर १९६२ मध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार महिलेने लाइफ साप्ताहिकात ही समिती जगासमोर आणली. लोकांनी तिला ‘देवाची समिती’ असे नाव ठेवले.

समिती काय पाहत होती? वय, लग्न झाले आहे का, मुले किती, उत्पन्न किती, शिक्षण किती, नोकरी कसली, चर्चशी संबंध आहे का, समाजाला याचा उपयोग किती. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातले एकेक कलम ओळखीचे वाटेल. जगण्याची पात्रता मोजायला बसलेल्या मध्यमवर्गीय लोकांनी स्वतःसारखी माणसे निवडण्याची पट्टी तयार केली होती. त्यासाठी त्यांनी दुष्ट असण्याची गरज नव्हती. प्रत्येक जण आपल्या परीने प्रामाणिक असू शकतो आणि तरीही पट्टी तिरकी असू शकते. व्यवस्थेचा भेदभाव असाच चालतो. त्याला खलनायक लागत नाही.

ही समिती कुठल्या नव्या यंत्राने संपवली नाही. ती संपली कायद्याने. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःला डायलिसिस लावून घेतले. ऑक्टोबर १९७२ मध्ये कायदा झाला आणि १९७३ पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाचा खर्च सरकारी विम्यात आला. शोध १९६० चा, हक्क १९७३ चा. मधल्या तेरा वर्षांत जे गेले त्यांना विज्ञानाने मारले नाही. विज्ञान तयार होते.

गोळ्यांचा हिशेब

प्रत्यारोपणाचेही तसेच आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. रोनाल्ड हेरिकने दिले, रिचर्ड हेरिकला मिळाले. दोघे एकसारखे जुळे असल्याने रिचर्डच्या शरीराने ते परके मानले नाही आणि तो आणखी आठ वर्षे जगला. पण जुळा भाऊ असणारे असे किती? परक्याचे मूत्रपिंड टिकायचे तर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध हवे होते. १९६२ च्या सुमारास अ‍ॅझाथायोप्रिन आले. त्यामागे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांचे रसायनशास्त्र आणि रॉय काल्न यांचे प्रयोग होते. पुढे नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर प्रत्यारोपणाचा निकाल एकदम सुधारला.

प्रतिकारशक्ती दाबायची तर त्याची किंमत मोजावी लागणारच. इस्रायल पेन या सर्जनने १९६८ पासून प्रत्यारोपण झालेल्यांमधल्या कॅन्सरची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. त्वचेचे आणि लसिकापेशींचे कॅन्सर या लोकांत कितीतरी जास्त होतात, हे अशा नोंदींतून पुढे आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे मात्र वेगळे आहे. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांइतकेच आढळले. म्हणजे प्रत्यारोपणामुळे हा कॅन्सर वाढत नाही. तो येतो, कारण माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. प्रत्यारोपण झालेल्याला झालेला प्रोस्टेटचा कॅन्सर एका अर्थाने दीर्घायुष्याचा दाखला आहे.

मग दीर्घायुष्य कोणाला मिळाले? अमेरिकेत १९७३ नंतर डायलिसिसचा खर्च सरकार करू लागले, प्रत्यारोपणाचाही करू लागले. पण मूत्रपिंड टिकवणाऱ्या गोळ्यांचे काय? ६५ वर्षांखालच्या आणि अन्य अपंगत्व नसलेल्या रुग्णाला हे विम्याचे संरक्षण प्रत्यारोपणानंतर ३६ महिने मिळे आणि मग बंद होई. तोवर चांगली नोकरी आणि तिच्यासोबतचा विमा मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर गोळ्या चुकणार, मूत्रपिंड जाणार. मूत्रपिंड गेले की सरकार पुन्हा डायलिसिसचा, म्हणजे गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग उपचाराचा, खर्च करायला तयार! ही विसंगती दूर करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पन्नास वर्षे लागली. सरकारचा पैसा वाया जातो हे दिसत असूनही लागली, कारण ज्यांची मूत्रपिंडे जात होती त्यांचा आवाज कुठे पोहोचत नव्हता.

यंत्र आले, पुरावा काय सांगतो?

आता प्रोस्टेटकडे येऊ. कॅन्सरसाठी ही ग्रंथी मुळासकट काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात केली. पुढची कित्येक दशके ही शस्त्रक्रिया म्हणजे भरपूर रक्तस्राव, लघवीवरचा ताबा जाणे आणि नपुंसकत्व असेच समीकरण होते. १९८२ मध्ये त्याच रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या बारीक नसा वाचवून ती काढण्याची पद्धत दाखवली. त्यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. शरीररचनेचा नीट अभ्यास होता.

रोबोची कल्पना युद्धभूमीवरची. सर्जनने दूर सुरक्षित जागी बसून जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करावी, यासाठी अमेरिकी लष्कराच्या पैशातून संशोधन झाले. त्यातूनच पुढे दा विंची हे यंत्र बाजारात आले आणि २००० मध्ये त्याला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. हा रोबो स्वतः काही ठरवत नाही. सर्जन बाजूच्या आसनावर बसून मोठे केलेले त्रिमितीय चित्र पाहतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे बारीक हात रुग्णाच्या पोटात करतात. प्रोस्टेटवरच्या पहिल्या रोबोटिक शस्त्रक्रिया २००० मध्ये जर्मनी आणि फ्रान्समध्ये झाल्या. त्या रोजच्या कामात आणल्या त्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या मणी मेनन यांनी, २००१ च्या सुमारास. मेनन केरळचे, पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये शिकलेले. त्यांच्या संस्थेला पैसा दिला तो राज वट्टिकुटी या भारतीय वंशाच्या उद्योजकाने.

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णावर अशी शस्त्रक्रिया केल्याच्या पहिल्या नोंदींपैकी एक २००८ मध्ये अमेरिकेतून आली. त्यानंतर अमेरिका-युरोपातल्या अनेक केंद्रांनी आपापले अनुभव मांडले. त्यांत काही गोष्टी समान दिसतात. पोटावरची छिद्रे नेहमीच्या जागेवरून सरकवतात, म्हणजे यंत्राचा हात बसवलेल्या मूत्रपिंडावर जाणार नाही. पोटात भरलेल्या वायूचा दाब जपून ठेवतात, कारण जास्त दाबाने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. जखम भरण्यात अडथळा आणणारी औषधे आधीच बदलून घेतात. इटलीतल्या मिलानच्या आल्दो बोच्चार्दी यांनी २०१० मध्ये मूत्राशयाच्या मागच्या बाजूने ग्रंथीपर्यंत जाण्याची वाट दाखवली. पुढच्या बाजूचा पडदा त्यात शाबूत राहतो, म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांसाठी ती वाटही काही सर्जन वापरतात. निष्कर्ष बरेचसे समाधानकारक आहेत. बसवलेले मूत्रपिंड बहुतेकांत चालू राहते आणि कॅन्सरवरचे नियंत्रण इतर रुग्णांसारखेच मिळते.

पण हे अहवाल लहान आहेत, थोड्या रुग्णांचे आहेत आणि अनुभवी केंद्रांचे आहेत. यात श्रेय यंत्राचे किती आणि अनुभवी हातांचे किती? प्रत्यारोपण न झालेल्या सर्वसाधारण रुग्णांबाबत याचे एक उत्तर उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांवर रोबोने आणि निम्म्यांवर उघडी शस्त्रक्रिया केली गेली. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालांत रोबोच्या बाजूने रक्तस्राव कमी दिसला. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत १२ आठवड्यांनी महत्त्वाचा फरक नव्हता. २४ महिन्यांनंतरही दोन्ही गट सारखेच होते. याचा अर्थ रोबो निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. अर्थ एवढाच की कोट्यवधी रुपयांच्या यंत्राभोवती जे वलय आहे, त्यापेक्षा पुरावा कितीतरी साधा आहे.

आकड्यात लपलेला वंश

आता या इतिहासातल्या सगळ्यात बोचणाऱ्या भागाकडे येतो.

मूत्रपिंड किती काम करते हे थेट मोजणे किचकट असते. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून एका सूत्राने अंदाज काढतात. १९९९ मध्ये अमेरिकेत असे एक सूत्र आले आणि २००९ मध्ये दुसरे, सुधारित. त्यांत वय होते, लिंग होते आणि आणखी एक गोष्ट होती. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर एका गुणकाने वाढवायचे. पहिल्या सूत्राच्या सर्रास वापरल्या गेलेल्या रूपात हा गुणक १.२१२ होता, दुसऱ्यात १.१५९. कारण काय दिले? अभ्यासातल्या कृष्णवर्णीय लोकांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त दिसले, आणि त्यांच्या शरीरात स्नायू जास्त असतात असे स्पष्टीकरण त्याला चिकटवले गेले.

याचा परिणाम साध्या गुणाकारात दिसतो. अमेरिकेत हा आकडा २० किंवा त्याखाली आला की प्रत्यारोपणाच्या यादीतला प्रतीक्षाकाल मोजायला सुरुवात होऊ शकते. समजा दोन माणसे आहेत. वय सारखे, दोघेही पुरुष, रक्ताचा अहवाल अगदी सारखा. गोऱ्या माणसाचे उत्तर आले १८. तो यादीत. कृष्णवर्णीय माणसाचे १८ गुणिले १.१५९, म्हणजे जवळपास २१. तो बाहेर. त्याचे मूत्रपिंड आणखी बिघडू दे, मग या! जन्मावरून माणसाचा आकडा बदलणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

आणि हे कोणाच्या बाबतीत? अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, पण मूत्रपिंडे निकामी झालेल्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश. प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांत गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट. म्हणजे ज्या समाजाला हे दोन्ही आजार सगळ्यात जास्त छळतात, त्याच समाजाला पहिल्या दारावर सूत्राने थांबवले. २००० च्या जनगणनेत डेट्रॉइट शहरातले दर दहांतले आठ रहिवासी कृष्णवर्णीय होते. प्रोस्टेटची रोबोटिक शस्त्रक्रिया त्या शहरात मोठी झाली, त्याच वर्षांत देशभरच्या प्रयोगशाळांच्या अहवालांतून हा गुणक रुजत होता.

कृष्णवर्णीयांचे शरीरच वेगळे, हा समज काही १९९९ मध्ये जन्मला नाही. १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला चक्क आजार ठरवून त्याला शास्त्रीय नाव दिले होते. सूत्र बनवणारे संशोधक कार्टराइट नव्हते, त्यांचा हेतूही तसा नव्हता. पण वंश हा जीवशास्त्राचा घटक आहे हे गृहीत धरायला त्यांना कोणी हरकत घेतली नाही, कारण ते गृहीत शतकानुशतके हवेतच होते. दारिद्र्य, आहार, कष्टाचे काम, उपचारांत झालेला उशीर ही सामाजिक कारणे मोजायला अवघड. वंशाचा रकाना भरायला सोपा.

यात कॅन्सरची अटही मिसळली होती. यादीवर येऊ पाहणाऱ्याला प्रोस्टेटचा कॅन्सर सापडला तर उपचारानंतर दोन वर्षे, कधी पाच वर्षे थांबा, असे सांगण्याची पद्धत होती. प्रतिकारशक्ती दाबल्यावर कॅन्सर उलटेल ही भीती अनाठायी नव्हती. पण प्रोस्टेटचे पुष्कळ कॅन्सर इतके संथ असतात की त्यांच्यापेक्षा डायलिसिसवरची वर्षेच माणसाला लवकर संपवतात. कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी थांबवण्याची गरज नाही, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात २०२१ मध्ये स्पष्ट लिहिले गेले.

त्याच वर्षी मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संयुक्त कार्यगटाने वंशाचा गुणक काढून टाकलेले नवे सूत्र सुचवले. ही लढाई वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लावून धरली होती. २०२२ मध्ये प्रत्यारोपणाच्या यादीसाठी वंशाधारित सूत्र वापरण्यावर बंदी आली. २०२३ पासून रुग्णालयांना जुने कागद उघडून, गुणकामुळे ज्यांचा काळ बुडाला त्यांना तो परत द्यायला सांगण्यात आले. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत १४ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या प्रतीक्षाकालात अशी भर पडली होती. चूक मान्य करून थांबणे वेगळे आणि बुडालेला काळ मोजून परत करणे वेगळे. या इतिहासातली शिकण्यासारखी गोष्ट कोणती असेल तर ही. मात्र वाट पाहता पाहता जे गेले, त्यांना काही परत करता आले नाही.

आपल्याकडचे प्रश्न

आपल्या देशात वंशाचा गुणक नाही. म्हणून दारे नाहीत असे होत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता. यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले. पुढे मूत्रपिंडांचा बाजार उभा राहिला. मद्रासच्या विल्लिवाक्कम भागातल्या गरिबांनी इतकी मूत्रपिंडे विकली की त्या वस्तीचे नावच लोकांनी ‘किडनीवाक्कम’ करून टाकले. १९९४ च्या कायद्याने विक्रीवर बंदी आली. २००२ मध्ये जामा या नियतकालिकात चेन्नईतल्या ३०५ मूत्रपिंड विकलेल्या लोकांचा अभ्यास आला. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. विकल्यानंतर त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले. म्हणजे मूत्रपिंडही गेले आणि कर्जही राहिले.

आजचे चित्र पाहा. २०२३ च्या राष्ट्रीय आकडेवारीत जिवंतपणी अवयव देणाऱ्या दर दहांमागे सहाहून अधिक स्त्रिया होत्या, आणि अवयव मिळालेल्यांत बहुसंख्य पुरुष. आई देते, बायको देते. दात्यांच्या यादीत ती आणि लाभार्थींच्या यादीत तो. प्रोस्टेट हा पुरुषाचा अवयव. उद्या त्या पुरुषावर रोबोने शस्त्रक्रिया होईल तेव्हा जे मूत्रपिंड वाचवण्यासाठी एवढी कसरत चालेल, ते बहुतेक वेळा एका बाईचे असेल. बातमीत तिचा उल्लेख असेल का?

महाराष्ट्रात जीवनदायी योजनेने, म्हणजे आताच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेने, प्रत्यारोपणाला मदत दिली. मर्यादा आधी अडीच लाख होती, २०२३ च्या निर्णयाने साडेचार लाख झाली. हे महत्त्वाचे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण रुग्णांच्या नातेवाइकांसोबत फायली घेऊन खेटे घालणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. शस्त्रक्रियेचे पैसे एकदा जमतात, धर्मादाय मदत मिळते, गाव वर्गणी काढते. अडते ते पुढे. दरमहा गोळ्या, रक्तातल्या औषधाच्या पातळीची तपासणी, शहरात येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी. अमेरिकेत ३६ महिन्यांच्या अटीने जे केले, ते आपल्याकडे रिकामा खिसा त्याहून लवकर करतो. मग दहा-पंधरा वर्षांनी होणाऱ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोष्ट कोणाबद्दल बोलतो आपण?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की हा तंत्रज्ञानाला विरोध आहे. मुळीच नाही. अडगळीच्या जागी, शिवलेली मूत्रवाहिनी सांभाळत बारीक काम करायचे असेल तर मोठे चित्र आणि न थरथरणारे यंत्राचे हात उपयोगी पडतात, हे मला मान्य आहे. सरकारी रुग्णालयात रोबो यावा आणि तो खुर्ची अडवून न बसता गरिबाच्या कामी यावा, हेच मागणे आहे. ज्यांना आजवर काहीच मिळाले नाही त्यांनी साधेच घ्यावे आणि नवे ते पैसेवाल्यांनी, ही विभागणी मान्य करायची नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो. यंत्र जात-वंश पाहत नाही, आकडा पक्षपात करत नाही, मग समाजशास्त्र मध्ये आणता कशाला? उत्तर वर आलेच आहे. १.१५९ हा आकडाच होता. यंत्राने छापलेल्या अहवालात तो बसला होता आणि वर्षानुवर्षे बहुतेकांना तो निव्वळ विज्ञान वाटत होता. सिअ‍ॅटलच्या समितीचे निदान सात चेहरे होते. त्यांच्याशी भांडता येत होते. सूत्राला चेहरा नसतो. म्हणून सूत्राकडे जास्त संशयाने पाहायला हवे. उद्या प्रतीक्षायादीतला क्रम संगणकाने लावला जाईल, तेव्हाही विचारायचे की यात कोणाच्या नावापुढे कोणता गुणक आहे आणि तो कोणी ठरवला.

म्हणून रोबोच्या उद्घाटनाची पुढची बातमी वाचाल तेव्हा काही साधे प्रश्न विचारा. योजनेच्या कार्डावर ही शस्त्रक्रिया होते का? प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या किती वर्षे मोफत मिळतात? प्रतीक्षायादीत गेल्या पाच वर्षांत कोणत्या जिल्ह्यातली, किती उत्पन्नाची, किती स्त्रिया आणि किती पुरुष अशी माणसे होती आणि त्यांतली किती वाट पाहत गेली? माहितीच्या अधिकारात हे विचारता येते. समिती कायद्याने गेली, ३६ महिन्यांची अट कायद्याने गेली, गुणक लोकांनी लढून काढला. यातले एकही दार यंत्राने उघडलेले नाही. पुढचेही यंत्र उघडणार नाही. ते आपल्याला उघडावे लागेल.